खूण होडीत असते

चिंचपोकळी
५ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. तुळसामामी आत्ता खाली सुरमई कापतेय, ती वर येईपर्यंत हे लिहून तिच्या पाटीत टाकायचंय, तेव्हा पत्राला वास आला तर दोष तिचा. फोनवर तुला ऐकू येत नाही. मेसेज तू उघडत नाहीस. आणि मी घरी आले की तुझ्या कानाशी इतकं ओरडावं लागतं की माझ्या बातम्या अख्ख्या मच्छीमार नगरला कळतात. चाळीस वर्षं त्या इंजिनाशेजारी बसून कान घालवलेस, आता भाचीने पोस्टमन नेमायला नको?

बातमी अशी की डिसेंबरपासून मी परळच्या एका स्टुडिओत शिकाऊ म्हणून लागलेय. सिनेमात खोट्या गोष्टी खऱ्या चित्रात बसवतात ना, ते काम. माझ्याकडे त्यातला पहिला भाग, ट्रॅकिंग. चित्र घेताना कॅमेरा कुठून कुठे गेला ते चित्रावरूनच शोधून काढायचं. त्यासाठी चित्रात ठिपके लावायचे, ते ठिपके कम्प्युटर शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि त्यावरून हिशोब करून कॅमेऱ्याची वाट सांगतो. ती वाट बरोबर आली तरच खोटी वस्तू चित्रात गप्प बसते. नाहीतर घसरते, तरंगते, आणि प्रेक्षक हसतात.

पप्पांनी तीन महिने दिलेत. फेब्रुवारीच्या अखेरीला स्टुडिओने ठेवून घेतलं तर ठीक. नाहीतर एक मार्चपासून दादरला त्यांच्या मित्राच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. मला लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे नाहीत, मामा. मला हेच करायचंय.

आणि गंमत ऐक. आम्हा शिकाऊंच्या परीक्षेसाठी मला शॉट कुठला मिळाला असेल? तुमच्या धक्क्यासमोरचा समुद्र! एका होडीतून दुसऱ्या होडीचं चित्र घेतलंय, मागे कफ परेडचे टॉवर. त्या दुसऱ्या होडीला जुन्या काळासारखं शीड लावायचंय. माझ्याबरोबर शिकणाऱ्या माधवला रस्ता आणि रिक्षा मिळाली, तो रडतोय. मी मनातल्या मनात हसले. मी आठ वर्षांची असताना तू मला होडीत बसवून खुणा शिकवल्या होत्यास, आठवतं? तुझी विद्या माझ्याकडे आहे म्हटल्यावर चोवीस तारखेची परीक्षा म्हणजे काय मोठंसं.

तुझी
अपेक्षा


मच्छीमार नगर, कफ परेड
८ जानेवारी, बुधवार

चि. अपेक्षास मामाचे आशीर्वाद.

पत्र मिळाले. सुरमईचा वास नव्हता, हळदीचा होता. तुझी मामी पत्र घेऊन आली आणि मोठ्याने म्हणाली, म्हणजे तिच्या ओठांवरून मला कळले, "पोरगी रुळावर कामाला लागली." ट्रॅक म्हटल्यावर तिला रेल्वेच आठवली. मी दोनदा वाचून तिला समजावले. मला किती समजले ते विचारू नकोस.

आठवते तर. तू पुढे बसली होतीस आणि उलटी होऊ नये म्हणून लिंबू हुंगत होतीस. मी तुला कुलाब्याच्या चर्चचा मनोरा दाखवला आणि त्याच्या मागचा टॉवर दाखवला. एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेला कापते तिथे डोळा ठेव, असे सांगितले. ती कापणी जागेवर आली की खाली खडक आहे, जाळे टाकायचे नाही. माझ्या बापाने मला हेच सांगितले आणि माझे जाळे त्या खडकावर एकदाही फाटले नाही. तूही तिथेच डोळा ठेव. कम्प्युटर झाला तरी त्याला समुद्र माझ्याएवढा माहीत नाही.

काल पहाटे निघालो होतो. वारा बरा होता. बोंबील चांगले लागले, मी स्वतः धरलेले आहेत, थोडे मामीबरोबर पाठवतो आहे. तुझ्या आईला म्हणावे रव्यात तळ, तांदळाच्या पिठात नको.

तुझ्या बापाला माझा नमस्कार. चष्म्याच्या दुकानाचे नाव काढू नये म्हणावे.

मामा


चिंचपोकळी
२६ जानेवारी

प्रिय मामा,

घाईत लिहितेय. परीक्षा झाली. सगळं ठीक आहे. काम जरा वाढलंय, म्हणून पत्र लिहायला उशीर.

सोबत चित्राची एक प्रिंट पाठवतेय. त्यावरचे हिरवे ठिपके मी लावलेले, मोजलेस तर साठ भरतील. ही होडी कोणाची ते ओळख. बोंबील छान होते.

अपेक्षा


मच्छीमार नगर
२९ जानेवारी

चि. अपेक्षास आशीर्वाद.

होडी धाकट्या पाटलांची आहे. पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, निळा पट्टा आहे त्यावरून ओळखली.

आता दुसरे. तू लहानपणी खोटे बोलायचीस तेव्हा भरभर बोलायचीस. आता भरभर लिहितेस. पहिल्या पत्रात दीड पान माझी थट्टा केलीस आणि ह्या पत्रात एकही टोमणा नाही. परीक्षा झाली असे लिहिलेस, पास झाली असे लिहिले नाहीस. बहिरा आहे म्हणून काय वाचताही येत नाही मला?

मी भिंग घेऊन तुझे ठिपके पाहिले. साठच्या साठ पाहिले. धक्क्याचा खांब टॉवरच्या कडेला कापतो तिथे ठिपका. डोलकाठी गच्चीच्या रेघेला कापते तिथे ठिपका. दोर खिडकीला कापतो तिथे ठिपका. मी असतो तर माझाही डोळा ह्याच जागांवर गेला असता. मग बिघडले कुठे? तो कम्प्युटर नेमके काय मागतो ते मला नीट लिही. मी सातवी शिकलो आहे, समजेल असे लिही.

मामा


चिंचपोकळी
२ फेब्रुवारी

मामा,

नापास झाले. झालं समाधान?

घरी सांगितलं नाहीये. आईला वाटतंय निकाल यायचाय. चोवीसला आम्हाला शिकवणाऱ्या श्रेया मॅडमनी शॉट मोठ्या पडद्यावर लावला. माझं शीड होडीवर नीट उभं होतं, आणि मग होडी जराशी वळली आणि शीड दोरीवरच्या ओल्या लुगड्यासारखं घसरत पाण्यात गेलं. माधव हसला. मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त वाईट. त्या म्हणाल्या, "तुझे ठिपके दिसायला एक नंबर आहेत, पण खोटे आहेत. का खोटे आहेत ते तू शोध, मी नाही सांगणार. अठ्ठावीस फेब्रुवारीला परत दाखव. त्यानंतर मला जागा रिकामी करावी लागेल."

मी शोधतेय. दहा दिवस शोधतेय. ठिपके कम्प्युटर शेवटपर्यंत छान धरतो, हिरवेच राहतात, पण कॅमेऱ्याची वाट काढली की ती दारुड्यासारखी जाते.

तू विचारलंस म्हणून लिहिते. कम्प्युटरला अशा जागा हव्यात ज्या खरोखर एका ठिकाणी स्थिर आहेत. कॅमेरा सरकला की जवळची जागा चित्रात जास्त सरकते, लांबची कमी सरकते. त्या फरकावरून त्याला जवळ काय, लांब काय आणि आपण कुठे आहोत ते समजतं. म्हणून कॅमेरा जागचा हलायला हवा. तो एकाच ठिकाणी उभा राहून नुसती मान वळवत असेल, तर सगळं सारखंच सरकतं आणि कम्प्युटरला जवळचं-लांबचं काही कळत नाही. आधी किनाऱ्यावरच्या जागांवरून कॅमेऱ्याची वाट, मग होडीवरच्या जागांवरून होडीची. एवढंच आहे. आणि तेवढंच मला येत नाही.

खरं सांगू? मला तुझा राग आला. तुझ्या विद्येवर विसंबून मी ठिपके लावले. कापणीवर डोळा ठेव, कापणीवर डोळा ठेव. ठेवला की.

आणि खोटं फक्त मीच लिहीत नाही. परवा मामी खाली आईशी बोलत होती, मी जिन्यात ऐकलं. "ते गणपतीपासून समंदरावर गेलं नाय गो. आमचा पोर स्वरूप नेत नाय त्यांना. दिसभर बाकड्यावर बसून असतंय." मग पहाटे कोण निघालं होतं? बोंबील कोणी धरले?

अपेक्षा


मच्छीमार नगर
१२ फेब्रुवारी

चि. अपेक्षास आशीर्वाद.

मामी तीन वेळा तुमच्याकडे येऊन गेली आणि तिच्या पाटीत पत्र नव्हते. तू रागावली असशील. मी रागावलो नव्हतो, मला वेळ लागला. दुसऱ्या गोष्टीचे उत्तर मी आज देत नाही. तुझ्याकडे सोळा दिवस आहेत, आधी तुझे काम.

तुझे पत्र मी रोज वाचले. स्थिर जागा हव्यात, असे तू लिहिले आहेस. माझ्या मते कापणीएवढी स्थिर जागा दुसरी नाही, कारण माझ्या बापाच्या वेळेपासून खडक तिथल्या तिथे आहे. शेवटी काल तुझी प्रिंट घेऊन धक्क्यावर गेलो. खांबाची आणि टॉवरच्या कडेची कापणी डोळ्याने धरली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी होती. मग दोन पावले डावीकडे सरकलो. कापणी चौथ्या मजल्यावर गेली. आणखी दोन पावले, पाचव्यावर. खांब थोडा कललेला आहे, म्हणून ती वर चढत गेली. लोक बघत होते, म्हातारा खेकड्यासारखा आडवा का चालतोय म्हणून.

टॉवर हलला नाही. खांब हलला नाही. मी हललो. अपेक्षा, त्या ठिकाणी काहीच नाही गो! खांब इथे हाताशी आहे आणि टॉवर तिकडे लांब आहे. दोघे एकमेकांना कुठेही शिवत नाहीत. कापते ते फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणूनच तर ती आमच्या कामाची. आम्हाला टॉवर कुठे आहे ते शोधायचे नसते, आपली होडी कुठे आली आहे ते शोधायचे असते. खूण जमिनीवर नसते, खूण होडीत असते. होडी हलली की खूण हलते. चाळीस वर्षे मी हे रोज केले आणि असे कधी म्हणून पाहिले नाही. तुला अर्धेच शिकवले. चूक माझी आहे, तुझा राग योग्य आहे.

प्रिंटवर मी लाल पेनाने खुणा केल्या आहेत. साठातल्या एकेचाळीसांवर फुली आहे, त्या कापण्या आहेत, काढून टाक. जिथे एकाच वस्तूला कोपरा आहे अशा जागा घे. खिडकीचा कोपरा, धक्क्याच्या दगडाचा कोपरा, भिंतीवरच्या चुन्याचा डाग. पाण्यावर चमकते ते घेऊ नकोस, ते कोणाचेच नसते.

होडीवरचेही तू चुकीचे धरले आहेस, पण ते माझे पाप नाही. बाजूला बांधलेले टायर घेतलेस. टायर झुलतात. झेंडा घेतलास, गणपत खलाशाची टोपी घेतलीस, तो तर दिवसभर मान हलवतो. हे सगळे होडीवरचे पाहुणे. होडीचे स्वतःचे घे. नाळेचा निळा पट्टा, डोलकाठीचा बुंधा, काठावरच्या खिळ्यांची रांग. शीड डोलकाठीला बांधतात, टोपीला नाही.

पाटलांना विचारून होडी मोजून आणली आहे, मापे मागच्या बाजूला आहेत. वितीने नाही, टेपने मोजली, नाहीतर परत मला दोष देशील.

निकाल काहीही लागला तरी खरा लिही.

मामा


चिंचपोकळी
२ मार्च

माझ्या लाडक्या खेकड्या,

तुझी प्रिंट मी कम्प्युटरच्या बाजूला चिकटवली आणि पहिल्याच दिवशी एकेचाळीस ठिपके उडवले. माधव म्हणाला, "अगं वेडी झालीस का? चांगले चाललेले ट्रॅक काढतेस?" मी त्याला त्याच्या शॉटमध्ये रिक्षाच्या हँडलची आणि मागच्या झाडाची कापणी दाखवली. तो खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. त्यालाही असे नऊ निघाले.

नवे ठिपके लावायला चार दिवस गेले. हे ठिपके तितके देखणे नव्हते. चुन्याचा डाग मधेच फिका व्हायचा, खिडकीचा कोपरा उन्हात हरवायचा, प्रत्येक वेळी हाताने परत जागेवर आणून ठेवायचा. मान मोडली, पण कॅमेऱ्याची वाट सरळ निघाली. मग होडी. तुझी मापं घातल्यावर ती कम्प्युटरमध्ये अशी चपखल बसली की मी टाळीच वाजवली. तरी शीड एका जागी जरासं थरथरायचं, लाट आदळते तिथे. दुसरं कोणी बघितलं असतं तर सोडून दिलं असतं. मी तीन दिवस त्याच्या मागे होते. नाळेवरचा एक ठिपका पाण्याच्या तुषारांनी झाकला जात होता, त्या क्षणापुरता त्याला बंद केला. थरथर गेली.

अठ्ठावीसला श्रेया मॅडमनी शॉट लावला. होडी वळली. शीड होडीबरोबर वळलं. लाट आली, शीड लाटेबरोबर वर गेलं आणि खाली आलं. त्यांनी सहा वेळा बघितलं. मग माझे जुने ठिपके उघडले आणि विचारलं, "पहिल्यांदा इतक्या व्यवस्थित चुकायला तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या मामाने. आणि दुरुस्त कोणी केलं? म्हटलं, त्यानेच.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "सोमवारी साडेनऊला ये. खिडकीजवळची जागा तुझी."

घरी येऊन आधी जानेवारीतलं नापास होणं सांगितलं, मग हे सांगितलं. आई रडली, दोन्हीला एकदमच. पप्पा उठून गॅलरीत गेले आणि मित्राला फोन लावला. "मुलगी येत नाही रे चष्म्याला," एवढंच म्हणाले. मग मला विचारलं, शीड मोबाईलवर दिसेल का? म्हटलं, सिनेमा आल्यावर बघा.

मामा, जिन्यात ऐकलेलं मी रागात लिहिलं. नको होतं लिहायला. तुला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पण इतक्या लांबून माझी चूक शोधून काढणारा माणूस दिवसभर बाकड्यावर का बसतो, हे मला समजत नाही.

तुझी
अपेक्षा


मच्छीमार नगर
१६ मार्च

चि. अपेक्षास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी शेजारपाजारच्या सगळ्यांना वाचून दाखवले. मोठ्याने वाचले असेन, कारण समोरच्या आळीतूनही माणसे आली.

आता दुसऱ्या गोष्टीचे उत्तर. गणपतीच्या सुमारास पावसाच्या झडीत मागून बोट भोंगा देत आली आणि मला ऐकू आला नाही. स्वरूपने झडप घालून सुकाणू फिरवले. घरी आल्यावर तो हातवारे करून म्हणाला, "बाबा, आता पुरे." पोरगा खोटे बोलत नव्हता. त्याच्याकडे मशीन आहे, पडद्यावर खडक दिसतो, माझ्या खुणा त्याला लागत नाहीत. मी बाकड्यावर जाऊन बसलो. तुला खोटे लिहिले, कारण घरात तू एकटीच मला अजून होडी चालवणारा तांडेल समजत होतीस.

तू लिहिले होतेस की कॅमेरा एका जागी उभा राहून नुसती मान वळवत असेल तर त्याला जवळचे-लांबचे काही कळत नाही. ते वाक्य तू माझ्यासाठी लिहिले नव्हतेस. पण मला लागले. सहा महिने मी नुसती मान वळवत होतो. पोरगा लांब गेला असे वाटायचे, समुद्र लांब गेला असे वाटायचे.

होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वरूपला लिहून दिले: मी येणार. सुकाणू तुझे. मी पुढे नाळेपाशी बसेन. माझ्या मनगटाला दोर बांध, त्याचे दुसरे टोक तुझ्या हातात. एक हिसका म्हणजे मागे बघ, दोन म्हणजे खाली बस. ऐकण्याचे काम तुझे, बघण्याचे माझे. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. मग दोर शोधायला गेला.

काल गेलो. खडकाच्या अलीकडे मी हात वर केला आणि त्याला मनोरा दाखवला, टॉवर दाखवला. रेघ रेघेला कापली तेव्हा हात खाली केला. त्याने मशीनकडे पाहिले, मग मनोऱ्याकडे, मग परत मशीनकडे. दोराला एक हिसका बसला. मी मागे पाहिले. तो बोट गोल फिरवून दाखवत होता, परत एकदा दाखव म्हणून. त्याने होडी वळवली आणि मी परत दाखवले. ह्या वेळी पुरे शिकवले, तुला सांगितले तसे, खूण होडीत असते म्हणून.

मामीबरोबर बोंबील पाठवतो आहे. हे मी धरलेले आहेत.

मामा